एका सुईचे पाच आकडे

गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या कार्यकर्ता शिबिरात आरोग्याच्या प्रश्नावर एक ठराव मांडण्यात आला. 'प्रत्येक कुटुंबास शासनाने संपूर्ण आरोग्य विमाकवच द्यावे', ही त्यातील प्रमुख मागणी. ठरावास पाठिंबा देताना एका तरुण साथींनी दिलेले उदाहरण माझ्या मनातून जाईना. "अमेरिका भांडवलशाही देश असेल, पण तिथे विमा असला की साधी फ्लूची लससुद्धा डॉक्टरच्या दवाखान्यात फुकट मिळते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला त्याच लसीसाठी पदरचे पैसे मोजावे लागतात," असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. वेळ संपत आली होती म्हणून मला बोलता आले नाही, आणि चार वाक्यांत आटोपण्याजोगा तो विषयही नव्हता. म्हणून हा लेखप्रपंच.

या साथींचे म्हणणे खोटे नाही. ते अर्धे खरे आहे, आणि राजकारणात अर्धे सत्य अधिक काळ टिकते. अमेरिकेत २०१० साली झालेल्या कायद्यानुसार बहुतेक खासगी विमा योजनांना शिफारस झालेल्या लसी रुग्णाकडून काही न घेता द्याव्या लागतात; अट एवढीच की डॉक्टर विमा कंपनीच्या यादीतला असावा. वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी योजनेत फ्लूची लस १९९३ पासून अंतर्भूत आहे. तेव्हा दवाखान्याच्या दारातून आत जाऊन, दंडात सुई टोचून घेऊन, खिशात हात न घालता बाहेर पडणारी माणसे तेथे लाखोंनी आहेत. प्रश्न असा की सुई दंडातून बाहेर पडल्यानंतर काय घडते?

२०२४ च्या शरद ऋतूत मी न्यू जर्सी राज्यात मुलीकडे होतो. एका शनिवारी तिच्याबरोबर घराजवळच्या दवाखान्यात गेलो. तिला फ्लूची लस घ्यावयाची होती. डॉक्टर एक, परिचारिका एक, आणि काचेच्या पलीकडे संगणकांसमोर बसलेल्या बायका तीन. आयुष्यभर आकडेवारी शिकविल्यामुळे माणसे मोजण्याची मला खोड आहे. लस टोचावयास अर्धे मिनिट लागले. काचेपलीकडच्या तीन बायकांचे काम मात्र तेव्हा कुठे सुरू झाले होते.

तीन आठवड्यांनी विमा कंपनीचे पत्र आले. त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापले होते, 'हे बिल नव्हे'. जे बिल नाही ते टपालाने कशासाठी पाठवायचे, हा माझा प्रश्न मुलीने हसण्यावारी नेला. त्यानंतर पंधरा दिवसांनी दवाखान्याकडून खरेखुरे बिल आले. क्लेम नामंजूर झाला होता, आणि लसीची पूर्ण किंमत मुलीने भरावी असे त्यात म्हटले होते.

झाले होते ते असे. अमेरिकेत डॉक्टरने विमा कंपनीकडे पैसे मागावयाचे तर केलेली प्रत्येक गोष्ट आकड्यांत सांगावी लागते. फ्लूच्या एका लसीसाठी निदान तीन संकेतांक लागतात. रुग्ण कशासाठी आला? 'झेड२३', म्हणजे लसीकरणासाठी. कोणता पदार्थ टोचला? त्याला पाच आकडी संकेतांक. आणि तो पदार्थ टोचण्याचे श्रम? त्यांना निराळा संकेतांक, ९०४७१. पदार्थाच्या संकेतांकातही पुन्हा पोटभेद आहेत. लसीत विषाणूंचे प्रकार तीन की चार, टिकविण्याचे रसायन घातले आहे की नाही, मात्रा साधी की वृद्धांसाठीची मोठी, यांवर तो बदलतो. आता फ्लूच्या विषाणूंपैकी 'बी-यामागाता' नावाचा वंश मार्च २०२० नंतर जगात आढळलेलाच नाही. कोविडच्या टाळेबंदीत तो बहुधा नष्ट झाला. त्यामुळे २०२४-२५ च्या हंगामापासून अमेरिकेतील सर्व फ्लू लसी चार प्रकारांऐवजी तीन प्रकारांच्या झाल्या. जुन्या चौघांच्या लसीचा संकेतांक ९०६८६. नव्या तिघांच्या लसीचा ९०६५६. काचेपलीकडच्या बाईंच्या बोटांना मागच्या वर्षीची सवय होती. त्यांनी पाचाच्या जागी आठ दाबला.

एका विषाणूचा वंश पृथ्वीवरून नाहीसा होतो, आणि त्याचा परिणाम म्हणून न्यू जर्सीतल्या एका नोकरदार स्त्रीला बिल येते! पाच-सहा दूरध्वनी झाले. प्रत्येक दूरध्वनीच्या आरंभी अर्धा तास संगीत ऐकावे लागे. कंपनी म्हणे, दवाखान्याला सांगा. दवाखाना म्हणे, आम्ही दुरुस्त क्लेम धाडला आहे, कंपनीला विचारा. सहा आठवड्यांनी प्रकरण मिटले. मुलीला पैसे भरावे लागले नाहीत, म्हणजे आपल्या साथींच्या भाषेत लस फुकट मिळाली. यात लबाड कोणीही नव्हते. डॉक्टर सज्जन, त्या बाईही सज्जन. मला राग आला तो माणसांचा नव्हे, तर ज्या व्यवस्थेत सज्जन माणसांना आपला दिवस अशा कामात घालवावा लागतो तिचा.

याच्या पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. माझ्या मुलीच्या दंडात सुई टोचली तर तो संकेतांक ९०४७१. तीच सुई, तीच लस, तीच परिचारिका, पण दंड मेडिकेअरखालील वृद्धाचा असेल तर टोचण्याचा संकेतांक 'जी०००८'. अठरा वर्षांखालील मुलाला, त्याच्या आईवडिलांना समजावून सांगून टोचली, तर ९०४६०. येथे वैद्यकशास्त्राचा काही संबंध आहे काय? मुलाच्या बाबतीत समजावण्याचे श्रम तरी अधिक आहेत. वृद्धाच्या बाबतीत बदलले आहे ते फक्त पैसे देणाऱ्याचे नाव. आणि लस घेता घेता रुग्णाने सहज विचारले की 'डॉक्टर, गुडघा फार दुखतो हो', आणि डॉक्टरने गुडघा तपासला, तर तपासणीचा चौथा संकेतांक लागतो आणि त्याच्या शेपटाला '२५' हा आकडा जोडावा लागतो. न जोडल्यास कंपनी डॉक्टरचे पैसे कापते. जोडल्यास 'फुकट' लसीसाठी आलेल्या रुग्णाला तपासणीतला आपला वाटा भरावा लागतो. गुडघ्याविषयी बोलावे की नाही याचा हिशेब करून माणसाने दवाखान्यात जावयाचे, हा वैद्यकीचा कोणता प्रकार?

हे आकडे कोणाचे आहेत, हाही प्रश्न विचारला पाहिजे. रोगांचे वर्गीकरण ही मुळात थोर कल्पना. माणसे कशाने मरतात याची सर्व देशांत एका रीतीने मोजदाद व्हावी म्हणून बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ साली ती जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याकडे घेतली. ती कोणाची खासगी मिळकत नव्हती. मरण मोजण्यासाठी निघालेल्या या यादीचा एक वाढीव अवतार अमेरिकेने बिलासाठी जुंपला. 'झेड२३' हा त्यातलाच. पण लसीचे आणि टोचण्याचे पाच आकडी संकेतांक निराळ्या कुळातले आहेत. सी.पी.टी. नावाची ती संकेतावली अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने १९६६ साली प्रसिद्ध केली, आणि तिचे स्वामित्वहक्क आजही त्याच संघटनेकडे आहेत. वापरणाऱ्याने परवान्याचे पैसे भरावयाचे. १९८३ साली सरकारने मेडिकेअरसाठी हीच संकेतावली स्वीकारली, तीही दुसरी कोणती वापरणार नाही असे कबूल करून. १९९७ साली एका अपील न्यायालयाने या कबुलीला स्वामित्वहक्काचा गैरवापर ठरविले. हक्क मात्र शाबूत ठेवला.

यातली गंमत जुन्या साथींच्या लक्षात येईल. १९६० नंतरच्या वर्षांत वृद्धांच्या सरकारी आरोग्य योजनेला कडाडून विरोध केला तो याच संघटनेने. 'समाजवादी वैद्यकी'विरुद्धचे भाषण तिने १९६१ साली एका नटाकडून ध्वनिमुद्रित करवून घरोघर ऐकविले. त्या नटाचे नाव रोनाल्ड रेगन. १९६५ साली मेडिकेअर झालीच. आणि जिला समाजवाद म्हणून हिणविले त्या योजनेने वापरावयाच्या आकड्यांची मालकी पुढे याच संघटनेच्या पदरात पडली.

आता थोडे अर्थशास्त्र. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की आरोग्यसेवेची बाजारपेठ भाजीच्या बाजारपेठेसारखी चालत नाही, कारण अनिश्चितता तिच्या मुळाशी आहे आणि विकणाऱ्याचे ज्ञान घेणाऱ्यापेक्षा फार अधिक आहे. विम्याची उपपत्तीही अनिश्चिततेवरच उभी आहे. घराला आग लागेल की नाही ठाऊक नसते आणि लागली तर नुकसान मोठे असते, म्हणून आपण आगीचा विमा उतरवितो. रोज लागणाऱ्या दुधाचा विमा कोणी उतरविते काय? फ्लूची लस दर वर्षी घ्यावयाची, किंमत ठरलेली, संख्या अंदाजता येण्याजोगी. तिच्यात अनिश्चित असे काहीच नाही. असा निश्चित खर्च विम्याच्या नळीतून नेणे म्हणजे दूध विम्याने घेणे. जोखीम काडीइतकी कमी होत नाही. मध्ये बसणाऱ्यांची मजुरी तेवढी वाढते. शिवाय लस घेणाऱ्याचा फायदा त्याच्यापाशीच थांबत नाही. शेजारचे मूल आणि बसमधली गरोदर बाई यांच्यापर्यंत तो पोचतो. अशा वस्तूचा भार समाजाने उचलावा हे सांगावयास मार्क्सदेखील लागत नाही, केंब्रिजचे प्राध्यापक पिगू पुरेसे आहेत.

ही मजुरी किती होते? हिमेलस्टाइन, कॅम्पबेल आणि वूलहॅन्डलर यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१७ साली अमेरिकेच्या आरोग्यखर्चातील ३४.२ टक्के रक्कम प्रशासनावर गेली. शेजारच्या कॅनडात हे प्रमाण १७ टक्के होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात एका विद्यापीठीय रुग्णालय-व्यवस्थेत साध्या तपासणीच्या एका भेटीचे बिल वसूल करण्याचाच खर्च २० डॉलर ४९ सेंट निघाला. औषधाचा नव्हे, डॉक्टरचाही नव्हे; नुसत्या वसुलीचा. पैसे मिळविण्यासाठी डॉक्टरांनी एक फौज ठेवावयाची, पैसे न देण्यासाठी कंपन्यांनी दुसरी, आणि दोन्ही फौजांचे पगार राष्ट्रीय उत्पन्नात 'आरोग्यसेवा' म्हणून मोजले जावयाचे. २०२३ साली अमेरिकेने राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च केली हे ऐकून आपले काही मित्र थक्क होतात. त्यात या फौजांचा शिधाही आहे, हे ते विसरतात.

लहान डॉक्टरची कुचंबणा आणखी वेगळी. हंगामाच्या कितीतरी महिने आधी त्याने लसीच्या कुप्यांची मागणी नोंदवावयाची, पैसे गुंतवावयाचे, शीतकपाट सांभाळावयाचे. उरलेला माल पुढच्या वर्षी निरुपयोगी. त्यात क्लेम अडकले म्हणजे कित्येक डॉक्टर सरळ सांगतात, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जा. आज तेथील प्रौढ माणसे दवाखान्यापेक्षा दुकानसाखळ्यांतच ही लस अधिक घेतात.

हा सारा अमेरिकेचा घरगुती मामला, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात हेच काम करते. तिच्यासारखी हजारो मुलेमुली पुणे, चेन्नई, हैदराबाद येथे अमेरिकन दवाखान्यांची बिले निस्तरत असतात. पदवी शास्त्राची, त्यावर अमेरिकेतील संस्थेची कोडिंगची परीक्षा. रात्रपाळीतल्या मुली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना दूरध्वनी करून अडलेल्या क्लेमचा पाठपुरावा करतात. मुलीची हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "सर, त्या हंगामात आमच्याकडे असे कितीतरी आले. पाच आणि आठ." मी तिला विचारले, तू स्वतः लस घेतलीस का? नव्हती घेतली. कंपनीने दिलेला विमा रुग्णालयात भरती झाल्यावरच लागू होतो. लसीचे पैसे तिचे तिलाच भरावे लागले असते, आणि त्या महिन्यात भावाची फी होती. तिच्या नोकरीची मी थट्टा करीत नाही. त्या पगारावर घर चालते. पण जीवशास्त्राची पदवीधर मुलगी आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात का नाही आणि दुसऱ्या खंडातल्या आठाचा पाच का करीत बसली आहे, हा प्रश्न आपल्या ठरावात कोठेही नाही.

आणि आपण चाललो आहोत कोठे? १९९९ च्या कायद्याने विमा खासगी भांडवलाला खुला झाला. २००१ साली क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी नियम झाले. २०१२ साली महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावे जीवनदायी योजना सुरू झाली, तिला पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळाले; २०१८ साली केंद्राची योजना आली. या योजनांनी कोणाचे भले केले नाही असे मी म्हणणार नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शेत विकावे लागले नाही अशी कुटुंबे मला ठाऊक आहेत. पण त्यांचा सांगाडा पाहा. ठरविलेली पॅकेजे, प्रत्येकाला क्रमांक, पूर्वपरवानगी, क्लेम. जे पॅकेजात बसते त्याला उपचार म्हणावयाचे. लस, बाहेरची तपासणी, मधुमेहाची रोजची गोळी पॅकेजात बसत नाहीत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला, आणि सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता. अशा स्थितीत आपले कार्यकर्ते वस्त्यांतून योजनेची कार्डे काढून देण्याची शिबिरे भरवितात. मीही अशा दोन शिबिरांत टेबलावर बसलो आहे. लोक दुवा देतात, बरे वाटते. पण आरोग्य केंद्रात परिचारिकेची जागा रिकामी आहे म्हणून मोर्चा काढल्याला आपल्याला किती वर्षे झाली?

लसीकरणाचा आपला स्वतःचा इतिहास आहे, तो तरी आठवावा. १९७५ मध्ये देवी गेली. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला. पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला. यापैकी कशासाठीही आईला क्लेम भरावा लागला नाही. मांडीवरचे मूल, एक कार्ड, एक खूण. हिशेब नव्हता असे नाही. कुपी न् कुपी मोजली जात होती. पण तो हिशेब लसीचा होता, आईच्या ऐपतीचा नव्हता. २०२१ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने कोविडच्या लसीचा बाजार करून पाहिला. राज्यांना एक भाव, खासगी रुग्णालयांना दुसरा. दीड महिन्यात, २१ जूनपासून, तो बेत बव्हंशी गुंडाळावा लागला. एक चतुर्थांश वाटा तेवढा खासगी रुग्णालयांकडे राहिला. तेथे कोविशील्डचे ७८० रुपये पडत. लसीचे ६००, कर ३०, टोचण्याचे सेवाशुल्क १५०. ते १५० रुपये म्हणजे आपले ९०४७१ होते.

अमेरिकेलाही हे कळत नाही असे नाही. १९७६ साली स्वाईन फ्लूची भीती उठली तेव्हा सरकारने लस विकत घेऊन काही आठवड्यांत सुमारे ४ कोटी लोकांना विनामूल्य टोचली. दुष्परिणाम दिसल्यावर ती मोहीम डिसेंबरात थांबली, तो भाग वेगळा. लक्षात ठेवावयाचे ते असे, की त्या उन्हाळ्यात विमा कंपन्यांनी लस उत्पादकांची जबाबदारी पत्करण्यास चक्क नकार दिला, आणि ऑगस्टमध्ये कायदा करून ती सरकारने आपल्या शिरावर घेतली. जेथे खरी अनिश्चितता होती तेथून विमा पळाला. जेथे ती नाही तेथे तो आज दरवाजा अडवून बसला आहे.

दोन आक्षेपांना उत्तर देतो. पहिला, यंत्रे आता इतकी हुशार झाली आहेत की संकेतांकांची चूक होणारच नाही. चूक होणार नाही, भांडण होईल. डॉक्टरच्या बाजूला एक यंत्र, कंपनीच्या बाजूला दुसरे. विरोध हितसंबंधांचा असता बेरीज बिनचूक करून तो कसा मिटावा? दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. सरकारी केंद्रात डॉक्टर नसतो, वीज नसते, लस खराब होते, मग सरकारवर विसंबावयाचे कसे? ब्रिटनमध्येही डॉक्टरला लसीमागे शुल्क मिळते आणि त्याचा कागद भरावा लागतो. पण पैसे देणारा एक आहे आणि ६५ वर्षांवरील माणसाला बिल येत नाही. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात १९६२ साली सार्वजनिक योजना सुरू झाली त्या दिवशी डॉक्टर संपावर गेले. समाजवादी सरकारने २३ दिवस ते सोसले, तडजोड केली, पण योजना सोडली नाही. सरकारी केंद्र आज वाईट आहे, हे ते चांगले करण्यासाठी लढण्याचे कारण आहे. केंद्र वाईट म्हणून विमा मागणे म्हणजे शाळा गळते म्हणून शिकवणीची फी मागणे.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी. ठरावातील 'विमाकवच' हा शब्द वगळावा. त्याऐवजी मागावे की फ्लूची लस सार्वत्रिक कार्यक्रमात घ्यावी; महाराष्ट्रात हा रोग पावसाळ्यात जोर धरतो म्हणून दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत साठ वर्षांवरील व्यक्ती, गर्भवती स्त्रिया, दमेकरी, मधुमेही आणि आरोग्य कर्मचारी यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत व नगरपालिका दवाखान्यांत ती विनामूल्य टोचावी; आणि त्यासाठी रिक्त असलेली परिचारिकांची पदे कायम स्वरूपात भरावीत. खर्चाचा अंदाज मांडण्यासाठी आपल्या तालुक्यातील अशा व्यक्तींची संख्या आणि रिक्त पदांची यादी प्रत्येक शाखेने आणावी. टेबलावर बसून ती जुळविण्याचे काम मी करीन. दुरुस्ती लेखी स्वरूपात जिल्हा कार्यालयाकडे दिली आहे. ज्या साथींच्या भाषणातून हा लेख निघाला त्यांनाच तिला अनुमोदन देण्याची विनंती मी केली आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.